आठवड्याचा फेरफटका : महाजालाचे राखणदार

गोव्यातील गावोगावी राखणदार असतो. गावाची वेस, शेताचा बांध, ओहळाचा काठ, अपरात्री एकट्याने चालणारा वाटसरू या साऱ्यांवर त्याची नजर असते, अशी लोकांची श्रद्धा आहे. म्हणून वर्षातून एकदा त्याला नारळ आणि रोट दिला जातो. महाजालाला मात्र कोणी राखणदार लागत नाही, असा आपला समज असतो. तिथे एकदा ठेवलेली गोष्ट कायमची राहते, असे आपण घरातील मुलांना बजावतोही. छायाचित्रे टाकताना जपावे म्हणून हा उपदेश योग्यच आहे. परंतु वस्तुस्थिती म्हणून तो अर्धाच खरा आहे. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३ साली महाजालावर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उघडत नव्हती. जी उघडत होती, ती कोणीतरी राखली म्हणूनच.

या आठवड्याच्या फेरफटक्यात आपण अशीच काही ठिकाणे पाहणार आहोत. काही गमतीची आहेत, काही थोडी हुरहूर लावणारी आहेत, आणि शेवटची दोन थेट आपल्या मराठीशी संबंधित आहेत. प्रत्येक ठिकाणी पोहोचल्यावर एकच प्रश्न मनात ठेवावा : हे कोण राखते आहे?

माशांसाठी दाराची घंटा

नेदरलँड्समधील उट्रेख्त हे कालव्यांचे शहर आहे. तेथील जुन्या कालव्यावर एक जलद्वार आहे. होड्यांना ये-जा करता यावी म्हणून ते उघडले जाते आणि एरवी बंद असते. वसंत ऋतूत तिथून फारशा होड्या जात नाहीत, त्यामुळे दार बहुतेक वेळ मिटलेलेच राहते. अडचण अशी, की नेमक्या याच दिवसांत मासे उथळ पाण्यात अंडी घालण्यासाठी प्रवासाला निघतात. दारापाशी येऊन ते अडतात, तिथे त्यांची गर्दी होते आणि पाणपक्ष्यांना आयती मेजवानी मिळते.

मिरगाच्या पहिल्या पावसात ओहळातून शेताकडे चढणारे मासे गोमंतकीय वाचकांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. उट्रेख्तचे मासेही चढणीचेच. फरक इतकाच, की त्यांच्या वाटेत एक लाकडी दार आहे.

२०२१ साली दोन पर्यावरण-अभ्यासकांना त्यावर एक साधी युक्ती सुचली. त्यांनी दाराजवळ पाण्याखाली कॅमेरा बसवला, त्याचे चित्रण संकेतस्थळावर थेट दाखवायला सुरुवात केली आणि पडद्यावर एक घंटेचे बटण ठेवले. जगाच्या पाठीवर कुठेही बसलेल्या माणसाला मासा दिसला, की त्याने घंटा दाबायची. दाबताक्षणी त्या दृश्याचे छायाचित्र टिपले जाते. दारापाशी पुरेसे मासे जमले आहेत असे दिसले, की जलद्वाराचा रखवालदार दार उघडतो आणि मासे पुढे जातात.

हंगाम साधारणपणे मार्च ते मे असा असतो. इंग्रजीत ‘फिश डोअरबेल’ असे शोधले, की ठिकाण सापडते. मात्र तिथे रोमांचक असे काही दिसेल, या अपेक्षेने जाऊ नये. बराच वेळ पडद्यावर फक्त हिरवट, गढूळ पाणी असते. एखादे पान वाहत येते, बुडबुडे वर जातात. मग अचानक एखादा ब्रीम किंवा पाइक जातीचा मासा समोरून संथपणे सरकतो आणि पाहणारा माणूस घाईघाईने घंटेकडे धावतो. गळ नसलेली ही मासेमारी आहे, असे म्हटले तरी चालेल.

आपल्याकडे खाजन शेतीच्या बांधात मानशीची दारे असतात. भरतीचे पाणी त्यांना ढकलून बंद करते आणि ओहोटीला आतले पाणी त्यांना उघडते. दार उघडायला तिथे माणूस लागत नाही; परंतु बांध मात्र माणसांनीच राखावा लागतो. तो एका पावसाळ्यात दुर्लक्षित राहिला, तर खारे पाणी शेतात शिरते. उट्रेख्तच्या घंटेचेही तसेच आहे. कॅमेरा, संगणक आणि हजारो प्रेक्षक एवढे सारे जमले, तरी शेवटी दार उघडणारा एक हात तिथे असावाच लागतो.

कॉफीचे भांडे, ज्याने इतिहास घडवला

आज दुकानात, चौकात, घराच्या फाटकावर आणि माशांच्या वाटेवरही कॅमेरे आहेत. या साऱ्यांचा मूळपुरुष एका कॉफीच्या भांड्यापुढे बसवला होता.

केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत ‘ट्रोजन रूम’ नावाची एक खोली होती. तिच्याजवळ कॉफीचे एक यंत्र होते आणि इमारतीच्या निरनिराळ्या भागांत बसणारे संशोधक त्या एकाच भांड्यावर अवलंबून होते. जिने चढून यावे आणि भांडे रिकामे आढळावे, हा नित्याचा अनुभव. १९९१ साली क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्झ्की यांनी भांड्यासमोर कॅमेरा बसवला आणि त्याचे चित्र प्रयोगशाळेतील संगणकांवर दिसेल, अशी सोय केली. चित्र होते कृष्णधवल आणि आकार अवघा १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचा. भांड्यात कॉफी आहे की नाही, एवढे त्यात कळत असे. कळायला हवे होते तेही तेवढेच.

नोव्हेंबर १९९३ मध्ये हे चित्र जागतिक महाजालाशी जोडले गेले. मग दूरदूरच्या देशांतील लोक, ज्यांना ती कॉफी कधीही मिळणार नव्हती, ते भांडे भरले की रिकामे झाले हे पाहण्यासाठी तिथे डोकावू लागले. त्यामागे काही उपयोग नव्हता. आपण इथे बसून तिथले ‘आत्ता’ पाहू शकतो, याचेच त्या काळी नवल होते.

२००१ साली प्रयोगशाळा नव्या इमारतीत हलवायची ठरली आणि २२ ऑगस्ट रोजी कॅमेरा बंद करण्यात आला. यंत्रणेचे बटण दाबणारी बोटे अखेरच्या चित्रात उमटली आहेत. अखेरच्या काळातील भांड्याचा लिलाव झाला, तेव्हा जर्मनीतील ‘श्पीगेल ऑनलाइन’ने ते ३,३५० पौंडांना विकत घेतले. पुढे ते दुरुस्तही करून घेण्यात आले.

या भांड्याचे भाग्य असे, की त्याला नंतरही सांभाळणारे भेटले. त्याच्या काळातील असंख्य पानांना ते भेटले नाहीत.

दहा लाख ठिपक्यांची भिंत

ऑगस्ट २००५ मध्ये अ‍ॅलेक्स ट्यू हा इंग्लंडमधील एकवीस वर्षांचा तरुण विद्यापीठातील शिक्षणाच्या खर्चाची विवंचना करीत होता. त्याने एक पान तयार केले. लांबी हजार ठिपके, रुंदी हजार ठिपके. म्हणजे एकूण दहा लाख. प्रत्येक ठिपक्याची किंमत एक डॉलर. एक ठिपका डोळ्यांना दिसण्याइतका मोठा नसतो, म्हणून किमान शंभर ठिपक्यांचा चौकोन घ्यावा लागे. घेणाऱ्याने त्या जागेत आपले चित्र लावायचे आणि चित्रावर टिचकी मारली, की त्याचे संकेतस्थळ उघडायचे. ‘मिलियन डॉलर होमपेज’ या नावाने हे पान गाजले.

आधी मित्रमंडळींनी ठिपके घेतले, मग वृत्तपत्रांत बातम्या आल्या आणि मग जाहिरातदारांची रीघ लागली. शेवटच्या एक हजार ठिपक्यांचा जानेवारी २००६ मध्ये लिलाव झाला आणि त्यांना ३८,१०० डॉलर मिळाले. एकूण उत्पन्न झाले १०,३७,१०० डॉलर. पुढे हाच ट्यू ‘काम’ या ध्यानधारणेच्या प्रसिद्ध अ‍ॅपचा सहसंस्थापक झाला. जगातील सर्वांत गजबजलेले जाहिरातींचे पान बनवणाऱ्याने लोकांना मनःशांती शिकवावी, यातील विनोद वाचकांनी आपापल्या परीने टिपावा.

आपल्या दृष्टीने खरी गोष्ट मात्र त्यानंतरची आहे. हे पान किमान पाच वर्षे टिकेल, असे वचन ट्यूने दिले होते. ते त्याहून कितीतरी अधिक टिकले. पण त्यावरील चित्रे जिकडे नेत होती, त्या जागांचे काय झाले? २०१७ साली हार्वर्ड विद्यापीठातील ग्रंथालयाच्या संशोधकांनी या पानावरील एकूण २,८१६ दुवे तपासले. त्यांपैकी ५४७ दुवे मुळीच उघडत नव्हते. आणखी ४८९ दुवे भलत्याच पत्त्यावर किंवा ‘हे नाव विकणे आहे’ अशा पाटीपाशी नेत होते.

म्हणजे बाराच वर्षांत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक दारे बंद झाली. विशेष हे, की ही फुकट मिळालेली जागा नव्हती. प्रत्येकाने पैसे मोजून, आपले नाव दिसावे म्हणून घेतलेली ती जागा होती. तरीही दुकाने बंद झाली, नावे विकली गेली, पत्ते बदलले. भिंत शाबूत राहिली आणि भिंतीमागची घरे ओस पडली. जुन्या बाजारपेठेतून फिरताना बंद फळ्यांवरच्या रंग उडालेल्या पाट्या वाचत जावे, तसा हा अनुभव आहे. वेळ मिळाल्यास अवश्य घ्यावा.

दहा लाख चौकटी आणि त्यांत लपलेली मुले

दहा लाख या आकड्याची भूल महाजालाला अजून पडते. २६ जून २०२४ रोजी नोलन रॉयल्टी या अमेरिकी प्रोग्रामरने एक पान सुरू केले. त्यावर दहा लाख रिकाम्या चौकटी होत्या. अर्ज भरताना ‘होय’ची खूण करण्यासाठी असतात तशा. गंमत एवढीच, की एकाने खूण केली, की ती साऱ्या जगाच्या पडद्यावर उमटे. आणि दुसऱ्याने ती पुसली, की साऱ्या जगाच्या पडद्यावरून जाई. जिंकणे नाही, हरणे नाही, बक्षीस नाही. तरीही दोन आठवड्यांत सुमारे पाच लाख लोकांनी ६५ कोटींहून अधिक खुणा केल्या. काही जण इमानेइतबारे चौकटी भरत गेले, तर काही जण तितक्याच निष्ठेने त्या पुसत गेले.

खरी गंमत पडद्याआड चालली होती. संगणकाच्या दृष्टीने खूण केलेली चौकट म्हणजे एक आणि रिकामी चौकट म्हणजे शून्य. असे आठ आकडे एकत्र घेतले, की एक अक्षर तयार होते. दहा लाख चौकटी म्हणजे सव्वा लाख अक्षरे मावतील एवढी कोरी पाटीच. एके दिवशी रॉयल्टीने आपली साठवलेली माहिती अक्षररूपात उघडून पाहिली, तेव्हा तिच्यात एका संकेतस्थळाचा पत्ता पुनःपुन्हा लिहिलेला आढळला. आपल्या यंत्रणेत कोणीतरी घुसखोरी केली, अशीच त्याची पहिली समजूत झाली.

प्रत्यक्षात कोणी घुसले नव्हते. काही किशोरवयीन मुलांनी चौकटींमागचे शून्य-एक ओळखले होते आणि आपोआप खुणा करणारे छोटे प्रोग्राम लिहून त्यांतून ते निरोप पाठवीत होते. पडद्यावर पाहणाऱ्याला तो निरोप दिसणे शक्यच नव्हते. मूळ माहिती तपासणाऱ्यालाच तो कळावा, अशी ती योजना होती. दिलेल्या पत्त्यावर गेले, की मुलांचा गट भेटे. याच चौकटी हजार गुणिले हजार अशा मांडल्या, तर त्यांतून चित्रे उमटत होती आणि नंतर तर ती चित्रे हलूही लागली.

रॉयल्टीने मुलांना हुसकावून लावले नाही. ११ जुलै २०२४ रोजी त्याने खेळ स्वतःच बंद केला आणि पुढे ही सारी हकिगत सविस्तर लिहून आपल्या संकेतस्थळावर ठेवली. ती इंग्रजीत आहे आणि शोधल्यास सहज सापडते. खेळ गेला, पण तो काय होता, कोणी खेळला, त्यात काय दडले होते, हे सांगणारा लेख उरला. एखादी गोष्ट कायम चालू ठेवणे हाच ती राखण्याचा एकमेव मार्ग नव्हे. ती नीट मिटून तिची नोंद ठेवणे, हाही एक मार्ग आहे.

पाडलेले शहर आणि त्याचे छायाचित्रकार

सगळेच इतक्या शहाणपणाने मिटत नाहीत. १९९४ साली सुरू झालेल्या ‘जिओसिटीज’ या सेवेत कोणालाही स्वतःचे पान फुकट बांधता येत असे. विषयानुसार वाड्या पाडलेल्या होत्या आणि वाडीत घर बांधावे तसे लोक आपले पान बांधीत. कोणी मांजराची छायाचित्रे लावी, कोणी आवडत्या नटाची. कोणी दिवंगत नातलगाची स्मृती जपे. पानांवर चमचमणाऱ्या रेघा, हलणारी चित्रे आणि ‘काम चालू आहे’ अशी कायमची पाटी असे. १९९९ साली ‘याहू’ने ही सेवा विकत घेतली आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी ती बंद केली. लक्षावधी पाने एका दिवसात गेली.

ती पूर्णपणे गेली नाहीत, याचे श्रेय स्वयंसेवकांना आहे. बंद होण्याची घोषणा होताच ‘आर्काइव्ह टीम’ या गटाने मिळतील तेवढ्या पानांच्या प्रती उतरवून घेतल्या आणि नंतर त्या सर्वांसाठी खुल्या केल्या. ओल्या ल्यालिना आणि ड्रागन एस्पेनशीड या दोन कलावंतांनी त्यांवरून ‘वन टेराबाइट ऑफ किलोबाइट एज’ हा उपक्रम चालवला. जुनी पाने त्या काळच्या पडद्यावर दिसत तशी उघडून त्यांची चित्रे तिथे एकामागून एक मांडली आहेत. चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना ती पाहताना सायबर कॅफेतील तासाच्या हिशेबाची आठवण झाल्यास नवल नाही.

या कामातील सर्वांत मोठी संस्था म्हणजे ब्रूस्टर केल यांनी १९९६ साली स्थापन केलेली ‘इंटरनेट आर्काइव्ह’. तिच्या ‘वेबॅक मशीन’ या दालनात एखाद्या पानाचा पत्ता टाकला, की निरनिराळ्या तारखांना ते कसे दिसत होते, हे पाहता येते. ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथील साठवलेल्या पानांची संख्या एक लाख कोटींवर पोहोचली. तथापि हे भांडारही अभेद्य नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यामुळे ते काही दिवस बंद पडले होते आणि त्या काळात जुनी पाने पाहण्याची दुसरी सोय किती तोकडी आहे, हे साऱ्यांना कळून चुकले. राखणदारालाही कोणीतरी राखावे लागते.

जतन झाली, पण वाचता येत नाहीत

आता आपल्या भाषेकडे वळू. वेबॅक मशीनमध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरची किंवा त्यानंतरच्या काही वर्षांतील मराठी पाने उघडून पाहावीत. पुष्कळदा समोर मराठी येतच नाही. रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि चित्रविचित्र चिन्हे यांची खिचडी दिसते. पान हरवलेले नाही, मजकूरही पुसलेला नाही, तरीही तो वाचता येत नाही.

याचे कारण त्या काळच्या फॉन्टमध्ये आहे. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीला १९९१ सालीच स्थान मिळाले होते. परंतु सामान्य संगणकांत ती सोय विंडोज २००० पासून हळूहळू आली आणि सर्वत्र रुळायला आणखी काही वर्षे गेली. तोवर प्रत्येक फॉन्टकर्त्याने आपापला मार्ग काढला होता. संगणकाच्या लेखी जागा रोमन अक्षराचीच असे. तिथे फक्त देवनागरी आकार चिकटवलेला असे. एका फॉन्टमध्ये ज्या जागी ‘क’ होता, तिथे दुसऱ्यात ‘म’ असू शके. वाचकाने तोच फॉन्ट उतरवून घेतला तर मराठी दिसे, नाहीतर खिचडी. आज ते फॉन्ट देणारी संकेतस्थळेच नाहीशी झाली आहेत. कुलूप राहिले, किल्ली गेली.

अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करता येते. मात्र त्यात एक मेख आहे. जुने फॉन्ट डोळ्यांना दिसणाऱ्या क्रमाने चालत. ‘डिचोली’ लिहिताना आधी ऱ्हस्व वेलांटी आणि मग ‘ड’. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने चालते : आधी ‘ड’, मग वेलांटी. ‘पर्वरी’ लिहिताना जुन्या पद्धतीत ‘व’ झाल्यावर त्याच्या डोक्यावर रफार दिला जाई. युनिकोडमध्ये तो ‘र’ ‘व’च्या आधी येतो. रूपांतर करणारा प्रोग्राम इथे चुकला, की ‘पर्वरी’ची ‘पवर्री’ होते आणि ‘डिचोली’ची वेलांटी ‘ड’ला सोडून अधांतरी लटकते. महाजालावरील जुन्या मराठी मजकुरात अशा चुका जागोजागी दिसतात आणि वाचक त्या मुद्रितशोधकाच्या नावावर जमा करतो.

हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नाही. उद्या एखादा अभ्यासक पर्वरीसंबंधीच्या जुन्या बातम्या शोधू लागला, तर ‘पवर्री’ असे उमटलेली बातमी त्याला सापडणारच नाही. शोधयंत्राच्या दृष्टीने ती बातमी पर्वरीची नव्हेच. मजकूर जतन करणे आणि तो सापडेल असा जतन करणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मराठीच्या बाबतीत दुसरी अजून पुष्कळ व्हायची आहे.

कप्तानाचा कोश, शिकागोच्या कपाटात

शेवटचे ठिकाण आनंदाचे आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी जेम्स मोल्सवर्थ यांनी कँडी बंधूंच्या आणि मराठी पंडितांच्या साह्याने मराठी-इंग्रजी शब्दकोश तयार केला. तो १८३१ साली प्रसिद्ध झाला आणि त्याची सुधारित दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. ही दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई शब्दकोशांच्या संकेतस्थळावर संपूर्ण उपलब्ध आहे. देवनागरीत शब्द टाकावा आणि अर्थ वाचावा, इतके ते सोपे आहे.

परंतु हा कोश शब्द अडला म्हणून उघडण्यापेक्षा सहज चाळण्यासाठी अधिक चांगला. शेतीची अवजारे, होडीचे भाग, दागिने, मुलांचे खेळ, शिव्या, वाक्प्रचार असे एकोणिसाव्या शतकातील बोलते मराठी त्यात भरलेले आहे. आजीच्या तोंडी असलेला आणि ‘हा काही खरा शब्द नव्हे’ म्हणून आपण हसण्यावारी नेलेला एखादा शब्द तिथे अर्थासह भेटतो, तेव्हा आपलेच अज्ञान उघडे पडते. त्याच संकेतस्थळावर य. रा. दाते आणि सहकाऱ्यांनी १९३२ पासून खंडशः प्रसिद्ध केलेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’ही आहे. दोन्ही कोशांत एकच शब्द शोधून त्याचा अर्थ कसा सरकला हे पाहणे, हा घरातील लहानथोरांनी मिळून खेळावा असा खेळ आहे.

हा कोश इतका सहज का सापडतो, याचे उत्तर मागील प्रकरणात आहे. तो केवळ छायाचित्र काढून ठेवलेला नाही; त्याचा मजकूर अक्षरशः टंकित करून, युनिकोडमध्ये, शोधता येईल असा ठेवला आहे आणि तो चालू ठेवण्याची जबाबदारी एका विद्यापीठाने घेतली आहे.

या आठवड्याचे काम

दर आठवड्याला हे सदर वाचकांना काहीतरी पाहायला सांगते. या वेळी पाहण्याबरोबर एक काम करावे. गावच्या जत्रेची माहिती देणारे पान, एखाद्या नाट्यमंडळाच्या जुन्या प्रयोगांची यादी, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, कोणी हौसेने लिहिलेला ग्रामदैवताचा इतिहास, यांपैकी आपल्याला मोलाचे वाटणारे एक मराठी पान निवडावे. वेबॅक मशीन उघडले, की तिथे ‘सेव्ह पेज नाऊ’ असा रकाना दिसतो. त्यात पानाचा पत्ता चिकटवावा आणि शेजारचे बटण दाबावे. थोड्या वेळात त्या दिवसाची प्रत भांडारात जमा होते आणि तिचा स्वतंत्र पत्ता मिळतो. तो आपल्याकडे टिपून ठेवावा.

दोन गोष्टी मात्र ध्यानात असाव्यात. ज्यासाठी खाते उघडून आत जावे लागते, तो मजकूर अशा रीतीने जतन होत नाही. आज गोव्यातील कितीतरी मराठी लेखन, जुनी छायाचित्रे आणि भजनी मंडळांच्या ध्वनिफिती केवळ व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत किंवा फेसबुकच्या बंद भिंतींआड आहेत. फोन बदलला, गट मोडला, की ते सारे संपते. असे काही आपल्यापाशी असेल, तर त्याची एक प्रत संगणकावर, नाव आणि तारीख लिहून, वेगळी ठेवावी. दुसरे असे, की जतन केलेले पान साऱ्या जगाला दिसते; त्यामुळे कोणाचा खासगी पत्ता, दूरध्वनी किंवा मुलांची छायाचित्रे असलेले पान त्यात घालू नये.

उट्रेख्तची घंटा दाबायला एक क्षण लागतो आणि त्या क्षणाने एका माशाची वाट मोकळी होते. एक पान जतन करायला त्याहून फारसा अधिक वेळ लागत नाही. आपण निवडलेले पान कोणते, हे वाचकांनी अवश्य कळवावे. त्यांतील वेधक पानांची ओळख पुढील आठवड्यात याच सदरात करून देऊ.